वेळापत्रक, गुणदान आणि वर्गोन्नती : आमच्याच फायलींचा एक अभ्यास

स्मरणिकेत दहावीच्या निकालाचे तक्ते छापण्याची आपली प्रथा आहे आणि या अंकातही ते यथास्थान आहेत. त्या तक्त्यांकडे पाहून माजी विद्यार्थ्यांना अभिमान वाटतो, देणगीदारांना समाधान लाभते आणि आम्हा शिक्षकांनाही, खोटे कशाला सांगावे, पाठीवर थाप पडल्यासारखे वाटते. परंतु शेकडा शंभर हा आकडा कसा तयार होतो, याविषयी स्मरणिकेत आजवर कोणी लिहिलेले नाही. आठवड्याचे वेळापत्रक कोणी व कशाच्या आधारे मांडले, अंतर्गत मूल्यमापनाचे वीस गुण कसे दिले, नववीतून दहावीत कोणाला पाठवले आणि कोणाला नाही, या प्रश्नांची उत्तरे त्या आकड्याच्या पोटात दडलेली असतात. गेल्या उन्हाळी सुटीत आम्ही काही शिक्षकांनी जुनी वेळापत्रके, नववीची निकालपत्रके आणि जनरल रजिस्टर कपाटातून काढले व एकत्र बसून वाचले. त्या वाचनातून जे हाती आले, ते येथे मांडीत आहोत. त्यातील बराचसा भाग आम्हाला भूषणावह नाही.

प्रारंभी नियमांची थोडी उजळणी करणे आवश्यक आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ साली संमत झाला व १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. त्याच्या सोळाव्या कलमाने आठवीपर्यंत कोणत्याही बालकास त्याच वर्गात मागे ठेवण्यास अथवा शाळेतून काढून टाकण्यास मनाई केली. त्यास अनुसरून आपल्या राज्यात २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू झाले. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रयोग, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय अशा साधनांनी वर्षभर करावयाचे आकारिक मूल्यमापन आणि सत्राअखेरीचे संकलित मूल्यमापन असे त्याचे दोन भाग. पहिली-दुसरीत आकारिकाचा भार ७० टक्के, तो पायरीपायरीने उतरत सातवी-आठवीत ४० टक्क्यांवर येतो. गुणांचे रूपांतर अ-१ पासून इ-२ पर्यंतच्या नऊ श्रेणींत होते. पुढे २०१९ साली केंद्राने अधिनियमात दुरुस्ती केली आणि आपल्या राज्याने २०२३-२४ पासून पाचवी व आठवीस वार्षिक परीक्षा, अनुत्तीर्णांस पुनर्परीक्षा आणि तीतही यश न आल्यास त्याच वर्गात ठेवण्याची तरतूद केली.

हे सर्व सांगण्याचे कारण असे की, बारा-तेरा वर्षे आमच्याकडे येणारे मूल आठवीपर्यंत श्रेणींच्या भाषेत मोजले जात होते आणि नववीच्या जून महिन्यात त्यास अचानक गुणांच्या भाषेत बोलावे लागत होते. आठवीला 'ड' श्रेणी म्हणजे ३३ ते ४० टक्के. त्या श्रेणीचे प्रगतिपत्रक घेऊन पालक समाधानाने घरी जात. नववीत तेच मूल गणितात ३५ च्या अलीकडे राहिले की त्याच्यापुढे 'अनुत्तीर्ण' हा शब्द प्रथमच लिहिला जाई. श्रेणीपद्धतीचा हेतू उदात्त होता. मुलास भीती वाटू नये, शिकणे थांबू नये, हाच तो हेतू. परंतु आकारिक नोंदींच्या वहीत आम्ही 'गणनक्रिया समजून करतो' असे वाक्य चाळीस मुलांपुढे एकाच शाईने उतरवून काढले असेल, तर दोष श्रेणींचा म्हणता येणार नाही. त्या वह्या आम्ही पुन्हा वाचल्या. एकाच हस्ताक्षरातील, एकाच दिवशी लिहिलेल्या वर्षभराच्या नोंदी ओळखायला फार कष्ट पडत नाहीत.

नववीची गाळणी

माध्यमिक शाळेतील खरी परीक्षा दहावीची, असा सर्वसाधारण समज आहे. आमच्या फायली वेगळे सांगतात. दहावीस मंडळाची परीक्षा असते, निकाल वर्तमानपत्रात येतो, म्हणून तेथे सर्वांचे लक्ष असते. नववीची परीक्षा शाळेचीच. प्रश्नपत्रिका आमची, तपासणी आमची, निर्णयही आमचा. दहावीचा निकाल शंभर टक्के लागावा अशी इच्छा असेल, तर त्याचा सर्वांत सोपा मार्ग नववीतून जातो, हे महाराष्ट्रातील प्रत्येक मुख्याध्यापकास ठाऊक आहे. अशक्त विद्यार्थी नववीत थांबवावा किंवा त्याच्या पालकास बोलावून खाजगीरीत्या दहावीस बसण्याचा, म्हणजे सतरा नंबरचा अर्ज भरण्याचा सल्ला द्यावा. सतरा नंबरची सोय मुळात शिक्षण सुटलेल्यांसाठी, नोकरी-मजुरी करणाऱ्यांसाठी, संसारात अडकलेल्या स्त्रियांसाठी आहे आणि त्या दृष्टीने ती फार मोलाची आहे. शाळेत नियमित येणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलास शाळेबाहेर काढण्यासाठी ती वापरली, की मुलाजवळ वर्ग राहत नाही, शिक्षक राहत नाही आणि निवासी शाळेच्या बाबतीत ताटही राहत नाही.

आमच्या वसतिगृहातील बरीच मुले ऊसतोड कामगारांची आहेत. दसरा झाला की घर गाड्यावर चढते आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत गावी परतत नाही. ही मुले निवासी शाळेत असण्याचे प्रयोजनच ते आहे. नववीचा निकाल एप्रिलअखेर लागतो, म्हणजे नेमका आईवडील परतण्याच्या सुमारास. जनरल रजिस्टरात शाळा सोडण्याचे कारण लिहिण्याचा एक रकाना असतो. त्यात 'पालकाच्या इच्छेनुसार' हे दोन शब्द आम्हाला ज्या नावांपुढे आढळले, त्यांतील अनेक नावे त्याच वर्षीच्या नववीच्या अनुत्तीर्णांच्या यादीतही होती. त्यांत मुली अधिक होत्या.

एका मुलीची नोंद आमच्यापैकी दोघांना चांगली आठवते. गणितात व विज्ञानात ती कमी पडली होती, भाषांत मात्र वर्गात पुढे होती. त्या वर्षी शाळेची शंभर टक्क्यांची परंपरा टिकवावयाची होती. शिक्षकसभेत तिच्यावर पाच मिनिटेही चर्चा झाली नाही. वडिलांना आम्ही समजावून सांगितले की, यंदा नववी पुन्हा करावी, नाहीतर सतरा नंबर भरावा, दोन्ही मार्ग खुले आहेत. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि 'मग दाखलाच द्या, सर' एवढेच म्हटले. पुढील दसऱ्याला ती कोयता घेऊन नवऱ्यासोबत गेली, हे आम्हाला तिच्या धाकट्या भावाकडून कळले. तो तेव्हा आमच्याकडेच सातवीत शिकत होता. त्या वर्षीचा आमचा निकाल शंभर टक्के लागला. तो तक्ता त्या काळच्या स्मरणिकेत आहे.

वेळापत्रकाकडून उत्तर

ती मुलगी गणितात का मागे पडली, याचे उत्तर आम्ही तिच्या उत्तरपत्रिकांत शोधीत होतो. ते सापडले वेळापत्रकात. जुनी वेळापत्रके शेजारी शेजारी मांडली तेव्हा एक गोष्ट कोणालाही दिसावी इतकी स्पष्ट झाली. गणित व विज्ञानाचे अनुभवी शिक्षक प्रथम दहावीच्या दोन्ही तुकड्यांना वाटले जात. सकाळच्या पहिल्या तीन तासिका दहावीच्या. प्रयोगशाळेची जोडतासिका दहावीची. उरलेले सर्व नववीस व आठवीस. नववी 'ब'च्या गणिताच्या सहा तासिकांपैकी तीन जेवणानंतरच्या, एक शनिवारची शेवटची आणि त्याही बहुधा तासिका तत्त्वावर नेमलेल्या शिक्षकाकडे, जो डिसेंबरात दुसरीकडे कायम झाला की निघून जाई. त्यानंतर जानेवारीपर्यंत तो तास बदली तासिका म्हणून भरला जाई, म्हणजे कोणीतरी वर्गावर बसे आणि मुले शुद्धलेखन करीत. अशा वर्गातील मुलीस गणितात ३५ मिळाले नाहीत, तर तो निकाल कोणाचा?

वेळापत्रक तयार करणे हे काम बाहेरून जितके यांत्रिक दिसते तितके ते नसते. ज्यांनी ते केले आहे त्यांना ठाऊक आहे की, आरंभ मोकळ्या चौकटींपासून होत नाही, अडचणींपासून होतो. प्रयोगशाळा एक, मैदान एक, चित्रकलेचे शिक्षक दोन शाळांत विभागलेले, एक शिक्षिका दुपारच्या एसटीने जाणाऱ्या. हे खिळे आधी ठोकावे लागतात आणि मग बाकीचे कापड ताणावे लागते. आमचे पर्यवेक्षक पुठ्ठ्याच्या रंगीत चिठ्ठ्या करून त्या मोठ्या फळीवर टाचणीने लावीत. एक चिठ्ठी हलवली की पाच चिठ्ठ्या हलत. या धडपडीत पहिली चिठ्ठी कोणाची लागते, यावर पुढचे सर्व अवलंबून असते. आमच्याकडे ती नेहमी दहावी 'अ'ची लागत असे आणि हा नियम कोणी कधी ठरवलेला नव्हता.

भाषाविषयांचे उदाहरण याहून बोलके आहे. मंडळाच्या भाषाविषयांत पालीचा समावेश आहे आणि आपल्या शाळेत ती शिकवण्याचा आग्रह संस्थेने आरंभापासून धरला. परंतु पाली घेणारी मुले एका तुकडीत थोडी, दुसऱ्या तुकडीत थोडी आणि शिक्षक एकच. ही मुले एकत्र आणावयाची तर दोन्ही तुकड्यांचा हिंदी, संस्कृत व पालीचा तास एकाच वेळी ठेवावा लागतो. त्यासाठी तीन शिक्षक एकाच वेळी मोकळे व तीन खोल्या रिकाम्या असाव्या लागतात. हे जमवण्याचा कंटाळा म्हणून आम्ही वर्षानुवर्षे पालीचा तास खेळाच्या तासिकेवर ठेवला. ज्याने पाली निवडली त्याने मैदान गमावले. पुढे पाली घेणाऱ्यांची संख्या घटली, तेव्हा मुलांना या भाषेची गोडी उरली नाही, असा निष्कर्ष आम्ही सभेत काढला! डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना विद्यार्थिदशेत संस्कृत शिकण्याची इच्छा असूनही ती नाकारली गेली व पर्शियन घ्यावी लागली, हा इतिहास आम्ही मुलांना दरवर्षी शिकवतो. तेथे नकार शिक्षकाने उघड दिला होता. आमच्याकडे तो वेळापत्रकाने दिला आणि तो कोणाला ऐकू आला नाही.

बाबासाहेबांचा विषय निघालाच आहे तर आणखी एक नोंद. १९०७ साली एल्फिन्स्टन हायस्कूलमधून ते मॅट्रिक झाले, तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण मिळाले होते. शेकडा प्रमाण ३८ हूनही कमी भरते. मंडळाच्या आजच्या श्रेणींत ७५ टक्के व त्यापुढे विशेष प्रावीण्य, ६० ला प्रथम श्रेणी, ४५ ला द्वितीय श्रेणी आणि ३५ ते ४५ च्या दरम्यान नुसते 'उत्तीर्ण'. त्यांचे गुणपत्रक आमच्या शिक्षकसभेपुढे आले असते तर त्यावर किती मिनिटे चर्चा झाली असती, हा विचार आमच्यापैकी एकाने त्या सुटीत बोलून दाखवला. त्यानंतर बराच वेळ कोणी काही बोलले नाही.

वीस गुण

अंतर्गत गुणांविषयी महाराष्ट्राला एक धडा २०१९ साली मिळाला आहे. त्या वर्षी भाषा व सामाजिक शास्त्रे यांचे तोंडी-अंतर्गत वीस गुण काढून टाकण्यात आले आणि शंभर गुणांची लेखी परीक्षा झाली. २०१८ साली ८९.४१ टक्के असलेला राज्याचा निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. अकरावीच्या प्रवेशात अन्य मंडळांच्या विद्यार्थ्यांपुढे आपली मुले मागे पडतील, अशी ओरड झाली व त्याच वर्षी ते गुण पुन्हा सुरू करण्यात आले. २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. या चढउतारात अभ्यासक्रम नवा असल्याचाही वाटा होता, हे मान्य करावे लागेल. तथापि, शाळांनी दिलेले वीस गुण आणि मुलांनी लिहून मिळवलेले गुण यांत किती अंतर होते, हे त्या वर्षी सर्वांच्या दृष्टीस पडले. २०२१ साली करोनामुळे परीक्षाच रद्द झाली, तेव्हा नववीच्या निकालास ५० गुण, दहावीतील अंतर्गत मूल्यमापनास ३० आणि तोंडी-प्रात्यक्षिकास २० गुण असे सूत्र ठरले व निकाल ९९.९५ टक्के लागला. नववीची कागदपत्रे धूळ झटकून शोधण्याची पाळी त्या वेळी अनेक शाळांवर आली. त्या शाळांत आम्हीही होतो.

आमचे मत असे की, तोंडी परीक्षा ही ग्रामीण मुलांसाठी फार मोठी संधी आहे आणि सर्वांना सरसकट १९ गुण देऊन आम्ही ती वाया घालवतो. घरी कोणी न शिकलेले मूल लिहिताना अडखळते, परंतु कारखान्यावरच्या पालाची, बैलांची, मुकादमाची हकिगत सांगताना त्याची मराठी अशी धावते की ऐकत राहावे. ते बोलणे खरोखर ऐकून १७ दिले आणि न बोलणाऱ्यास ९ देऊन पुन्हा बोलावले, तर त्या गुणांना अर्थ येईल. गणितातील गृहपाठाच्या गुणांचेही तसेच. वसतिगृहात एका वहीवरून अकरा वह्या भरतात, हे आम्हाला ठाऊक असते. आम्ही आता गृहपाठातील एक उदाहरण मुलास फळ्यावर सोडवून दाखवावयास सांगतो व मगच गुण देतो. वेळ जातो, कुरकुर होते, पण वह्या कमी भरू लागल्या आहेत.

दिनक्रमाविषयी थोडक्यात. दहावीच्या मुलांना आम्ही पहाटे साडेचारला उठवून अभ्यासिकेत बसवीत असू आणि रात्री साडेदहाला दिवे मालवीत असू. झोपेचे तास मोजले तर सहा होतात. या वयास आठ ते दहा तास झोप हवी, असे वैद्यकशास्त्र सांगते. पहिल्या तासिकेला पेंगणारी मुले आळशी आहेत, असे शेरे आमच्याच हातचे आहेत. पूर्वी मार्चमध्ये होणारी दहावीची परीक्षा २०२५ साली २१ फेब्रुवारीस सुरू झाली. त्यामुळे अभ्यासक्रम डिसेंबरात संपवण्याची घाई अधिकच वाढली आहे आणि खेळ व चित्रकलेच्या तासिका नोव्हेंबरातच गणिताच्या घशात जातात. आम्ही पहाटेची घंटा साडेपाचवर आणली आहे. रात्री दहाला दिवे बंद होतात. अजूनही हे पुरेसे नाही.

परीक्षेच्या सरावाबाबत एक व्यावहारिक सूचना अन्य शाळांसाठी नोंदवतो. पूर्वी प्रश्नपत्रिका दहा मिनिटे आधी वाचावयास मिळत असे. २०२३ पासून ती दहा मिनिटे शेवटी जोडली आहेत आणि सकाळचा तीन तासांचा पेपर ११ ते २.१० असा चालतो. याचा अर्थ मुलाने प्रश्नपत्रिका हाती पडताच लिहिण्यास आरंभ न करता, स्वतःच्या वेळेतून पाच मिनिटे वाचनास काढावयास शिकले पाहिजे. सराव परीक्षा याच घड्याळाने घ्याव्यात. जेवणाची वेळही त्या दिवसांत बदलावी लागते, नाहीतर एक वाजता पोटात कावळे ओरडू लागतात व शेवटचा प्रश्न सुटतो.

आता निर्णयांकडे. नववीत कोणासही केवळ दहावीच्या निकालासाठी थांबवावयाचे नाही आणि नियमित विद्यार्थ्यास सतरा नंबरचा सल्ला शाळेने स्वतःहून द्यावयाचा नाही, असा ठराव शिक्षकसभेत मांडला. तो एकमताने झाला नाही. विरोध करणाऱ्या सहकाऱ्यांचे म्हणणे हलके नव्हते. ज्या मुलास अपूर्णांक येत नाहीत त्यास दहावीत ढकलणे ही दया नसून फसवणूक आहे, असे ते म्हणाले आणि यास आमच्याजवळ पूर्ण उत्तर नाही. ठराव झाला तो एका अटीवर. वेळापत्रकाच्या फळीवर पहिली चिठ्ठी नववी 'ब'ची लागेल. गणिताचे सर्वांत अनुभवी शिक्षक तिला मिळतील आणि सकाळची दुसरी तासिका तिची राहील. पहिल्या चाचणीत ३५ च्या आत राहिलेल्या मुलांसाठी दिवाळीनंतर नव्हे, ऑगस्टपासूनच रात्रीच्या अभ्यासिकेत वेगळा गट बसेल. पालीचा तास दोन्ही तुकड्यांत भाषांच्या तासाबरोबर येईल व मैदानाचा तास मैदानाचाच राहील.

या ठरावानंतरच्या पहिल्या दहावीत एक मुलगा गणितात व एक मुलगी विज्ञानात अनुत्तीर्ण झाली. शंभर टक्के तुटले. व्यवस्थापन समितीच्या सभेत त्याविषयी विचारणा झाली, ती होणे स्वाभाविक होते. २०१५ पासून पुरवणी परीक्षा ऑक्टोबरऐवजी निकालानंतर लगेच, उन्हाळ्या-पावसाळ्याच्या सांध्यात होऊ लागल्याने अनुत्तीर्णांचे वर्ष वाया जात नाही. शिवाय एकदोन विषय राहिलेल्यांना एटीकेटीच्या सवलतीने अकरावीत प्रवेश मिळतो. हे आम्ही सभासदांना समजावून सांगितले. त्या दोघांना वसतिगृहात जून-जुलै राहू द्यावे, अशी विनंती केली. खोल्या नव्या मुलांसाठी हव्या होत्या, तरी ती मान्य झाली. मुलगी पुरवणीत उत्तीर्ण झाली. मुलगा पुन्हा दोन गुणांनी राहिला आणि सध्या तालुक्याच्या महाविद्यालयात एटीकेटीवर अकरावीत आहे. रविवारी तो गणिताची वही घेऊन येतो व नववीच्या मुलांमध्ये बसतो.

या वर्षीच्या निकालाच्या तक्त्यात आम्ही एक रकाना वाढवला आहे. दोन वर्षांपूर्वी नववीत किती मुले दाखल होती आणि त्यांपैकी दहावीच्या परीक्षेस शाळेतून किती बसली, हे त्यात दिले आहे. मागील वर्षांचे आकडे रजिस्टरावरून काढून तेही शेजारी छापावेत, असे ठरले आहे. ते काम पुढील अंकापर्यंत पूर्ण होईल. नव्या सत्राचे कच्चे वेळापत्रक मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात कार्यालयाबाहेरील फळीवर टाचून ठेवू. माजी विद्यार्थ्यांपैकी जे आज शिक्षक आहेत, त्यांनी ते येऊन पाहावे आणि चिठ्ठ्या हलवाव्यात. नववी 'ब'ची शनिवारची शेवटची तासिका अजून कोणत्या विषयास द्यावी, हे सुटलेले नाही.